बशीतले आणि घशातले

घसा पुन्हा बसला, तसं बायकोने सरांना ओढतच दवाखान्यात आणलं. सर सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक. जंतू काय खातात नि कशाने मरतात, यातच त्यांची पस्तीस वर्षं गेलेली. डॉक्टरीण त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. "सर, सातही दिवस गोळ्या घेतल्यात ना?" सर छताकडे बघू लागले. "कोर्स अर्धवट सोडू नका, हे वर्गात कंठशोष करून तुम्हीच सांगायचात!" "सोडला कुठे?" सर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माझ्याच घशातले जंतू काचेच्या बशीत वाढवले. चार गोळ्या मी घेतल्या, तीन त्यांना दिल्या." त्यांचे डोळे चमकले. "सगळे मेले!" "बशीतले," बायको म्हणाली. "घशातले खुशाल आहेत." डॉक्टरिणीने नवी चिठ्ठी सरांना न देता बायकोच्या हातात ठेवली. सर दारातून वळले. "घशात उरलेत ते भलतेच चिवट असणार. त्यांच्यासाठी तीन जादा लिही ना!"