उतू जाऊ दे

सामान उद्या येणार होतं. आज रिकाम्या स्वयंपाकघरात फक्त गॅसची शेगडी, तिच्यावर हळदकुंकू लावलेलं पातेलं आणि दूध उतू जायची वाट बघत उभे असलेले आम्ही. माझ्या पहिल्या घराचा हा शकुन आईच्याच हातून व्हावा, असा माझा हट्ट होता.

दुधावरची साय थरथरली. दूध फुगत काठाशी आलं आणि आईचा हात झटकन पुढे गेला. तिने गॅस बंद केला. दूध खाली बसलं.

“अगं वहिनी, हे काय केलंस?” आत्या ओरडली. “पहिल्याच दिवशी अपशकुन!”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. “सवयीने गं...” ती पुटपुटली. भाड्याच्या खोलीत दूध उतू गेल्याचा नुसता वास आला, तरी घरमालकीण दार वाजवायची, चार शब्द ऐकवून जायची. आईने कधी थेंब सांडू दिला नव्हता.

मी गॅस पुन्हा पेटवला, मोठा केला आणि आईचे दोन्ही हात घट्ट धरले. “सांडू दे. इथे कोणी बोलायला येणार नाही.”

दूध उतू गेलं, ओट्यावरून ओघळलं. करपट वास घरभर पसरला. आत्याने हात जोडले.

आईने मात्र एकदा दाराकडे पाहिलंच.