घास कुणाचा

वाटीत कोमट सूप होतं बावीस चमचे, आणि आत्याने घेतले होते फक्त तीन. घशावर तेहतीस वेळा रेडिएशन घेतल्यापासून प्रत्येक घोट घसा सोलत खाली उतरायचा. सोमवारी तिचं वजन बरोबर चाळीस किलो भरलं होतं. शुक्रवारी त्याहून कमी भरलं, तर पोटात नळी घालायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

भाचीने लाडीगोडीने चमचा पुढे केला. "हा घास चिऊचा, हा घास काऊचा..."

"चिऊ-काऊनं माझं काय वाकडं केलंय?" आत्या बसक्या आवाजात फिस्कारली. "लॅबमधल्या त्या भवानीचा म्हण. मी रजेवर गेले आणि दुसऱ्याच दिवशी माझा मायक्रोस्कोप स्वतःच्या टेबलावर ओढलान् तिनं."

भाचीने भवानीचं नाव घेतलं. नरडीचा घोट घ्यावा तसा आत्याने तो चमचा गिळला. डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने तोंड पुन्हा उघडलं.

"आता तो पहिला डॉक्टर. सहा महिने नुसत्या गुळण्या करायला लावल्या मेल्याने. मग थोरली जाऊ. मी दवाखान्यात, आणि ही माझं कपाट टेपने मोजतेय, स्वतःच्या खोलीत मावतं का बघायला!"

एकोणिसाव्या नावाला वाटी खरवडून निघाली.

"आत्या, सूप संपलं गं."

"मग दुसरी वाटी आण. सासरची मंडळी अजून अर्धीसुद्धा झाली नाहीत."

 

शुक्रवारी वजन भरलं चाळीस किलो सहाशे ग्रॅम.