मॅडमना सांभाळा

सोलापूरच्या मावशी बोटीची शिडी सोडायला तयार नव्हत्या. स्कूबा शिकवण्याचा माझा पहिलाच दिवस. नियम घडाघडा सांगूनही उपयोग झाला नाही. हात पुढे केला, तर तोच थरथरत होता.

मावशींनी शिडी सोडून तो घट्ट धरला आणि पाण्याखाली क्षणभरही सोडला नाही. मासे बघत मलाच थोपटत राहिल्या. वर आल्यावर बोटवाल्या काकांना म्हणाल्या, "पोरगी घाबरली होती हो. मी सांभाळून आणली."

लाज वाटली. पण मला सांभाळताना त्या स्वतःची भीती विसरल्या होत्या.

आता माझा हात थरथरत नाही. तरी आज शिडीला चिकटलेल्या मिशीवाल्या हवालदारांना हळूच म्हटलं, "हात धराल का माझा? मला जरा भीती वाटतेय."

"घाबरू नका मॅडम, मी आहे ना," म्हणत त्यांनी शिडी सोडली.