पिकअप घेताना

मिस्त्री चढावर दोन फेऱ्या मारून आला, व्हॅन गॅरेजात लावली आणि स्टिअरिंगवर हात टाकून तसाच बसून राहिला. गाडी कुठेही अडखळली नव्हती. आता हे मामांना सांगायचं म्हणजे झालंच कल्याण.

मामा म्हणजे शाळेच्या व्हॅनचे मामा. सकाळी चौदा पोरं गोळा करायची, दुपारी घरोघर सोडायची, एकतीस वर्षं हाच उद्योग. उद्या सुट्टी संपून शाळा सुरू होणार, आणि गाडी पिकअप घेताना थरथरते म्हणून मामांची ही तिसरी खेप.

“काय? थरथरली ना?” मामा खिडकीशी आले.

“नाही मामा.”

“कशी थरथरेल! तुझ्या हातात शहाण्यासारखी वागते. डॉक्टर दिसला की दुखणं पळतं, तसं आहे हिचं.”

मिस्त्री हसला नाही. पहिल्या खेपेला प्लग खरोखरच गेले होते, ते त्याने बदलले. दुसऱ्या खेपेला कॉइल बदलली, इंजिनाखालची रबरं बदलली. आणि खरं सांगायचं तर त्याच दिवशी त्याला कळलं होतं. मामा गाडी आत घेत होते तेव्हा त्याने नीट पाहिलं होतं. पण बोलणार कसं? ज्या माणसाने आपल्याला क्लच सोडायला शिकवलं, त्याला जाऊन हे सांगायचं? म्हणून चांगली रबरं काढून नवी घातली आणि तोंड बंद ठेवलं. असला मूर्खपणा मिस्त्री लोकच करू जाणोत. माणूस दुखावू नये म्हणून गाडी खोलायची!

“आता पंप बघ पेट्रोलचा,” मामा म्हणाले. “पंपच असणार.”

“पंप ठीक आहे.”

“मग गिअरबॉक्स खोल. काहीतरी असेलच ना! उगीच का थरथरते?”

मिस्त्रीला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. आणखी एक धडधाकट भाग खोलायचा, पुसायचा, परत बसवायचा. आणि उद्या सकाळी चौदा पोरं या गाडीत बसणार. छे, आता बास झालं. तो खाली उतरला.

“मामा, बसा आत. न्यूट्रलला ठेवा आणि अॅक्सिलरेटर दाबा. हळूहळू.”

मामा बसले. इंजिनाचा आवाज चढला, पडला, पुन्हा चढला, पुन्हा पडला. आरसे हलायला लागले, मागच्या काचा वाजायला लागल्या.

“ऐक! ऐक!” मामांचा चेहरा उजळला. “आता बोल! म्हातारा खोटं बोलतोय का?”

मिस्त्री उघड्या दाराशी उकिडवा बसला. पेडलवर मामांचा बूट एकसारखा टकटकत होता. त्याने आपला तेलकट हात मामांच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबून धरला.

इंजिन एका सुरात चालू लागलं.

त्याने हात काढला. आवाज पुन्हा चढू-पडू लागला. पुन्हा हात ठेवला, पुन्हा एक सूर. 

मामा समोर बघत राहिले. समोर नुसती भिंत होती आणि भिंतीवर टांगलेले लोखंडी पाने. मग त्यांनी स्वतःच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“मला वाटलं, गाडी हलते म्हणून पाय हलतोय,” ते म्हणाले.

“घरी नाही हलत?”

“घरी मी पाय मुडपून बसतो.”

मिस्त्रीने उगाचच फडक्याला हात पुसले.

“पोरांत एक धाकटी आहे, माझ्या मागेच बसते,” मामा म्हणाले. “सुट्टी लागायच्या आधी विचारत होती, मामा, गाडीला थंडी वाजते का? मी म्हटलं, हो गं, म्हातारी झाली ना.”

“मामा, चौदा पोरं आहेत.”

“मला मोजायला शिकवू नकोस!” मामा तडकले. मग आवाज खाली आला. “रोज मीच मोजतो. चढताना आणि उतरताना.” जरा थांबून त्यांनी विचारलं, “तुला कधी कळलं?”

“मागच्या खेपेला. पण जीभच रेटली नाही.”

“आणि ती रबरं?”

“रबरं चांगली होती.”

“गाढव आहेस,” मामा म्हणाले. पण त्यात राग नव्हता. रागवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता दोघांकडेही नव्हता.

“उद्या कोण आणणार पोरांना?” मामांनी विचारलं.

“मी आणतो. डॉक्टर काय म्हणतात ते कळेपर्यंत मीच. तुम्ही शेजारी बसा. नाहीतर माझं थोबाड बघून पोरं भोकाड पसरतील.”

मामांनी मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, कोण जाणे. मग ते खाली उतरले आणि किल्ली गाडीलाच ठेवली. मिस्त्री म्हणाला, “चला, घरी सोडतो तुम्हाला.” मामा बॉनेटला हात लावत लावत पलीकडे गेले आणि डावं दार उघडून आत बसले. इतक्या वर्षांत त्या जागेवर ते एकदाही बसले नव्हते.

मिस्त्रीने गाडी सुरू केली. मामांचा हात सवयीने उजव्या खांद्यामागे गेला. तिथे सीटबेल्टचा पट्टा नव्हता.

“मामा, डावीकडे आहे.”

“माहितीय,” मामा म्हणाले. हात मात्र उजवीकडेच चाचपडत राहिला.