बिनदुधाचं चॉकलेट

दुपारी चार वाजता आजोबांनी चॉकलेटचा अख्खा ट्रे कचऱ्याच्या डब्यात उपडा केला. नातीने भोकाड पसरलं.

तिला दुधाचा थेंबही चालत नाही. मागे एका बिस्किटाने घसा सुजून जीव टांगणीला लागला होता. म्हणून सुट्टीत तिला आजोबांकडे ठेवायचं की नाही, हे सून आज ठरवणार होती. कोको, साखर, खोबऱ्याचं तेल, प्रत्येक पाकीट तिने स्वतः वाचलं होतं. वड्या ट्रेमधून अलगद सुटल्या तेव्हा ती म्हणालीही होती, "खा गं, आजोबांनी केलंय." पण नातीचा हात पोहोचायच्या आत आजोबांनी ट्रे उचलला.

"अहो बाबा, हे काय केलंत? इतक्या सुरेख सुटल्या होत्या!"

"म्हणूनच मनात पाल चुकचुकली."

आजोबांचा जन्म बेकरीत गेलेला. ट्रे समोर आला की आधी त्याला बटर फासायचं.

"म्हणजे बटर लावलंत?"

"आठवत नाही. ते काम हात करतो, मला कुठे विचारतो!"

सुनेने फ्रीज उघडला. बटरचा डबा अर्धा होता. सकाळी तो किती होता, हेही आजोबांना सांगता येईना. गप्प बसले असते, तर कुणाला कळलंही नसतं.

 संध्याकाळी सहा वाजता नातीची बॅग अजून दारातच होती, ना आत नेलेली, ना परत नेलेली, आणि सून ओट्याशी उभी राहून तो ट्रे गरम पाण्याने पुन्हा पुन्हा घासत होती.