व्हिजिट चार्ज

“त्या मंगळवारी मी दिवसभर घरीच होतो,” फोनवरचे काका म्हणाले. “दारावर कोणी आलं नाही. आलं असतं तर मला कळलं नसतं का?”

रफिकने कपाळाला हात लावला. शारजाच्या औद्योगिक भागात, गॅरेजांच्या वर, वसुली एजन्सीचं ऑफिस होतं. तिथे बसून तो बँकांच्या थकबाकीदारांना फोन करायचा. उल्हास देवधर यांच्या फाइलवर क्रेडिट कार्डाचं जुनं बिल होतं. चार टायर, एक हॉटेल आणि बाकी सगळं व्याज. त्याबद्दल काका अवाक्षर काढत नव्हते. भांडण होतं ते फक्त साडेतीनशे दिरहमच्या व्हिजिट चार्जवर.

“साडेतीनशे म्हणजे आठ हजार रुपये झाले की हो! कशाचे?”

“सर, आमचा माणूस अजमानच्या पत्त्यावर येऊन गेला. दरवाजा लॉक होता.”

“मी अल ऐनला राहतो.”

“घर बदललं तर बँकेला अपडेट करायचं असतं ना सर.”

“ते राहू दे. कोण माणूस आला होता? नाव सांगा.”

माणूस रफिकच होता, आणि तो कुठेही गेला नव्हता. अजमान काही लांब नाही; पण एजन्सीतले सगळेच खुर्चीवर बसून व्हिजिट करत आणि कंप्युटरवर ‘दरवाजा बंद’ असं टाकून मोकळे होत. आजवर कोणी हरकत घेतली नव्हती. वसुलीवाला दारात आला नाही म्हणून कुठला थकबाकीदार रडेल?

“मी तुमच्या मॅनेजरकडे तक्रार करणार,” काका म्हणाले.

अशाच एका खोट्या व्हिजिटसाठी मॅनेजर फहदने गेल्या महिन्यात एकाला घरी पाठवलं होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला. मग बायको हुमेराला आणि दोन्ही मुलींना घेऊन खेडला परत, आणि तिथे हातावर हात धरून बसायचं.

“कम्प्लेंट नको सर, प्लीज. मी स्वतः येतो. समोरासमोर खलास करून टाकू.”



“या की,” काका म्हणाले. “शनिवारी या. जेवायलाच या. पत्ता लिहून घ्या.”

यात काहीतरी डाव असणार, असं रफिकला वाटलं. पण गेल्यावाचून गत्यंतर नव्हतं. तसा माणूस वाईट नव्हता. गेले कित्येक महिने रफिकने “उल्हास सर?” म्हटलं की लगेच “बोला” यायचं. दुसरे फोन कापतात, नंबर ब्लॉक करतात, आईबहिणीवरून शिव्या घालतात. हे मात्र आधी विचारायचे, “जेवलात का?”

शनिवारी रफिक अल ऐनला पोहोचला. बेल दाबायच्या आतच दार उघडलं. काकांनी गुळगुळीत दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. आमटी, भात, वांग्याचं भरीत.

“आणि ही सोलकढी. तुम्ही खेडचे ना? बोलता बोलता म्हणाला होतात एकदा. कोकमं मिळाली खालच्या ग्रोसरीत.”

रफिकने उभ्यानेच फाइल उघडली. काकांनी ती हळूच मिटून सोफ्यावर ठेवली. “आधी जेवा.”

जेवताना काका बोलतच राहिले. मुलगा कैवल्य फुजैराला, जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत होता. आई वारल्यावर त्यानेच वडिलांना इकडे आणलं आणि मग त्याची बदली झाली. सुट्टी मिळाली की तो येई. सुट्टी मिळत नसे.

“खाली उतरलं तरी जायचं कुठे? इथे गाडीशिवाय पान हलत नाही, आणि मला जन्मात कधी गाडी चालवता आली नाही.”

“हूं,” रफिक म्हणाला. त्याचं सगळं लक्ष भरतात होतं.

हात धुताना त्याला फार वाईट वाटलं. आपण कातडी वाचवायला आलो, आणि या माणसाने सकाळपासून वांगी भाजली. टॉवेल घडी करून ठेवत तो म्हणाला, “काका, खरं सांगू? त्या दिवशी कोणी गेलंच नव्हतं. मीच खोटं टाकलं होतं. चार्ज मी काढून टाकतो.”

“छे, छे!” काकांनी शर्टाच्या खिशातून नोटा काढल्या. त्या आधीच मोजून ठेवलेल्या होत्या. “तेव्हा आला नव्हतात, आता आलात ना? मग चार्ज बरोबर आहे. तक्रार वगैरे काही नाही. मी तुम्हाला उगाच घाबरवलं.”

रफिकचा जीव भांड्यात पडला. या माणसासाठी काहीतरी करावं असं त्याला मनापासून वाटलं. “मूळ रकमेचंही सेटलमेंट करून देतो काका. बँकेशी मी बोलेन, व्याज सगळं माफ करून घेऊ. मग कोणी त्रास देणार नाही. एकही फोन येणार नाही.”

काकांचा चेहरा उतरला. “एकही नाही?”

“गॅरंटी. फक्त सही करा आणि तुमचं आयडी द्या.”

काका उठून आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. रफिकने ते उचललं. फोटो काकांचाच होता. नाव होतं वासुदेव गणेश रानडे.

“मग उल्हास देवधर कोण?”

“मला काय माहीत?” काकांनी साडेतीनशे दिरहम त्याच्याकडे सरकवले. “मुलाने हा नंबर घेऊन दिला, तेव्हापासून फोन येतात ते त्यांच्यासाठीच. सोमवारी फोन कराल ना?”