तिसऱ्या मजल्यावरच्या किंकाळ्या

नवऱ्याने जीव घेतलेल्या धाकट्या बहिणीचं शिलाई मशीन न्यायला थोरली आली, तेव्हा शेजारीण लगबगीने बाहेर आली.

“ताई, अंधार पडायच्या आत निघा हो. तिन्हीसांजा झाल्या की तुमची बहीण आत किंकाळ्या फोडायची. आमची पोरं जेवतसुद्धा नव्हती. शेवटी मांत्रिक आणला, तेव्हा कुठे कालपासून शांत आहे. अख्खी बिल्डिंग जमली होती!”

“ती जिवंत असताना नव्हत्या ऐकू येत किंकाळ्या?”

“येत होत्या की. रोजच्याच. पण नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचं?”

थोरलीने बहिणीच्या दाराच्या चौकटीला बांधलेला मांत्रिकाचा काळा दोरा ओरबाडून काढला आणि शेजारणीच्या हातात कोंबला.

“ओरडू दे तिला. निदान आता तरी तुमच्या घशाखाली घास उतरायला नको.”